तिसऱ्या खणातला आकडा

सासऱ्यांचा उजवा हात कापायला लागला आणि आमच्या घरातली चहाची वेळ बदलली. त्याआधी आम्ही तिघं सकाळचा चहा एकत्र घ्यायचो, हे, मी आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मग एक दिवस मामाजी म्हणाले, "तुमी घ्या, मी मंग घेतो." दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, पोटाचं काही असेल. एकदा मी अर्ध्या रस्त्यातून गेटपास विसरला म्हणून परत आले, तर मामाजी स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते आणि पितळी वाटी दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते. वाटी दातांवर वाजत होती. मी तशीच मागच्या पावली बाहेर पडले, पास न घेता. प्लांटच्या गेटवरच्या जवानानं अर्थातच सोडलं नाही आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा फुकट गेली. पण मी आत जाऊन पास उचलू शकले नसते.

मामाजी मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईत धड रस्ते नव्हते तेव्हा आले, प्लांटच्या रेल्वेत लागले आणि लोको ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. ब्लास्ट फर्नेसमधून निघालेलं वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे चाकांवर बसवलेल्या प्रचंड भांड्यांत भरायचं आणि पोलाद जिथे बनतं त्या शॉपपर्यंत न्यायचं, हे त्यांचं जन्माचं काम. ही गाडी माणसाच्या चालीनं जाते. तिला ना प्रवासी, ना शिट्टीचा तोरा. पण सुटताना किंवा थांबताना झटका बसला तर लोखंड काठावरून सांडतं, आणि खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही. म्हणून त्या लाइनवर ड्रायव्हरची तारीफ करायची तर कुणी 'गाडी तेज चलाता है' म्हणत नसे. 'हाथ अच्छा है' म्हणत. मामाजींचा हात चांगला होता. ते स्वतः कधी बोलले नाहीत, पण सिविक सेंटरच्या बाजारात मी भाजीच्या पिशव्या सांभाळत उभी असले की कुणीतरी म्हातारा थांबून सांगायचाच, "आप उनकी बहू हैं? क्या हाथ था!" त्यातला 'था' मला टोचायचा. निवृत्त झालेल्या माणसाचा हात काय प्लांटमध्ये जमा करून घेतात का?

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, आणि 'वाढत जाईल, पण सावकाश' असंही सांगितलं. हे सांत्वन होतं की बातमी, ते मला अजून कळलेलं नाही. माझे यजमान प्लांटमध्येच, पण कागदांच्या खात्यात. त्यांना वडिलांचा हात दिसत नसे. म्हणजे ते तिकडे बघतच नसत. जेवताना पेपर, टीव्ही, पंखा, सगळीकडे बघत, फक्त समोरच्या ताटाकडे नाही. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी शिकायला हॉस्टेलवर. तेव्हा बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि सुनेनं सासऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला शिकले.

त्या दिवाळीला धाकटे दीर जर्मनीहून आले. आमच्या पत्त्यात तेव्हा मध्य प्रदेशच होता, वर्ष-दोन वर्षांनी तिथे छत्तीसगढ आलं. भाऊजींनी वडिलांसाठी खोकंभर आगगाडी आणली होती. लंबगोल रूळ, एक डिझेल इंजिन, चार उघडे डबे आणि हुकूम सोडायचा एक डबा, त्यावर फिरवायचा गोल नॉब. "बाबा, आता घरी बसून ड्युटी करा!" असं म्हणून त्यांनी ती मागच्या व्हरांड्यातल्या तख्तपोसावर, म्हणजे बिनगादीच्या लाकडी पलंगावर मांडली, दोन दिवस स्वतःच खेळले आणि आठव्या दिवशी विमानात बसले. मामाजींनी हातही लावला नाही. "लेकराचं खेळणं हाय," म्हणाले. मी त्यावर जुनी साडी टाकली, धूळ नको म्हणून. लोखंडाची धूळ आमच्याकडे कशावरही बसते.

आठवडाभरानं मी पहिली पाळी करून दुपारी घरी आले, तर साडी घडी घालून बाजूला ठेवलेली आणि मामाजी तख्तपोसाशी खुर्ची घेऊन बसलेले. त्यांना माझी चाहूल लागली नव्हती. उजवा हात नॉबवर, आणि तो हात सुटू नये म्हणून डाव्या हातानं मनगट आवळून धरलेलं. गाडी दोन वीत पुढे जायची, दचकून थांबायची, उसळी मारून पुन्हा सुटायची. हात जसा थरथरत होता तशीच्या तशी गाडी थरथरत होती. वळणावर डबे रुळावरून उतरले आणि आडवे झाले. मामाजींनी मान वर केली आणि मी दिसले. त्यांनी हात असा मागे घेतला, जसा काही मी त्यांना कुणाच्या खिशात हात घालताना पकडलं होतं.

"गाडी बिघडून आली वाटते," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बिघाड कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. गॅसवर काहीतरी आहे म्हणून आत गेले असते तरी चाललं असतं. पण माझा स्वभाव असा, की समोर काही बिघडलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

"हो जी मामाजी," मी म्हणाले. "गाडीतच काईतरी हाय. मी पाहते."

मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट रिपेअरला होते. प्रेशरचे, तापमानाचे, गॅसच्या प्रवाहाचे मीटर उघडायचे, साफ करायचे, पुन्हा लावायचे. आमच्या सेक्शनला बायका दोनच, आणि त्यातली दुसरी स्टोअरला बसायची. तेव्हा पेचकस घेऊन सासऱ्यांच्या आगगाडीला भिडायला मी कुणाची परवानगी घेणार नव्हते. मात्र ही गाडी पेचकसानं दुरुस्त होणारी नव्हती. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पाटी होती, डीकोडर. रुळांतून वीज जाते, आणि त्याच विजेवर बसून हुकूमही जातो: अमक्या नंबरच्या इंजिना, इतक्या वेगानं चाल. डीकोडर तो हुकूम ऐकतो आणि मोटरला तेवढीच वीज देतो. पण हुकूम ऐकायचा कसा, हे त्याला आधी पढवावं लागतं. त्यासाठी त्याच्यात नंबर घातलेले खण असतात, आणि प्रत्येक खणात एकेक आकडा. कुठल्या खणात कुठला आकडा घातला की काय होतं, ते सगळं पुस्तकात लिहिलेलं होतं. जर्मन भाषेत.

प्लांट रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला, तेव्हा रशियन येणारी माणसं भिलाईत ढिगानं मिळतील. आमच्या गल्लीतच दोन म्हातारे होते, ते रशियनमध्ये भांडायचेसुद्धा. जर्मन येणारा एक सापडला नाही. भाऊजींना फोन लावला तर ते तिकडून म्हणाले, "वहिनी, सोपं आहे, मेन्यूत जा." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मग मी पुस्तकातला मजकूर सोडला आणि मागचा आकड्यांचा तक्ता धरला. एक आकडा बदलायचा, गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं, मग पुढचा. पहिल्या खणात इंजिनाचा स्वतःचा नंबर असतो, तो माझ्याकडून बदलला गेला आणि तीन दिवस गाडी ढिम्म हलेना. हाक मारतो आहोत एकाला आणि तो झालाय दुसराच. मामाजी रोज विचारायचे, "निंगाला का फॉल्ट?" मी म्हणायची, "निंगन जी." त्या तीन दिवसांत त्यांनी जेवढं मला विचारलं, तेवढं आधीच्या अठरा वर्षांत विचारलं नव्हतं.

हळूहळू खण उलगडले. दुसऱ्यात मोटर किती विजेला जागी होते ते. पाचव्यात वेगाची वरची हद्द. आणि तिसऱ्यात, हुकूम आल्यावर वेग किती सावकाश वाढवायचा ते, तर चौथ्यात किती सावकाश उतरवायचा ते. तिथे कारखान्यातून 'एक' घालून आला होता. म्हणजे नॉब हलला की गाडी लगेच हलणार, मध्ये दम नाही.

आता इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या बाईनं केलं नसतं, इन्स्ट्रुमेंटवालीनंच केलं असतं. कंट्रोल रूममध्ये मीटरची सुई किंवा कागदावर रेघ काढणारा पेन थरथरायला लागला की ऑपरेटर वैतागतो. फोन करतो, "मैडम, पेन बहुत हिल रहा है." आपण जायचं, आणि डॅम्पिंगचा स्क्रू थोडा आवळायचा. आत खरं प्रेशर वरखाली होत असतंच, फक्त सुईला ते उशिरा आणि कमी कळतं. रेघ सरळ येते. ऑपरेटर खूश, साहेब खूश, चहा मिळतो. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "पेन को थोड़ा सुला दो, बिटिया, पूरा मत सुलाना." त्या वाक्याचा उत्तरार्ध मी त्या वेळी सोयीनं विसरले.

मी तिसऱ्या आणि चौथ्या खणात दहा घातला.

मामाजी बसले, मनगट आवळलं, नॉब फिरवला. गाडी हललीच नाही. एक क्षण, दोन क्षण, आणि मग ती अशी सुटली, की डब्यांना कळलंसुद्धा नाही. हाताची थरथर नॉबपर्यंत पोचत होती, हुकूम बनून रुळातही उतरत होती, पण डीकोडर तिच्याकडे लक्ष देईपर्यंत हात परत जागेवर आलेला असायचा. गाडी सबंध फेरी करून आली. मामाजींनी बरंच आधी नॉब उतरवला आणि गाडी लोळत, लोळत येऊन त्यांनी तख्तपोसावर खडूनं मारलेल्या रेघेच्या थोडी पुढे थांबली. ते हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आता गाडीले वजन आलं," ते म्हणाले. "पयले प्लास्टिक होती."

मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन शिरा केला. खोटं कशाला बोलू, मला माझा अभिमानही वाटला. डॉक्टरांना जे जमलं नाही ते मी जर्मन पुस्तकातून काढलं होतं! रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्यानंतरचे चार-पाच महिने आमच्या घरात बरे गेले. दुपारी मी पाळीवरून आले की व्हरांड्यात अर्धा तास ड्युटी. मी पदर सावरून दाराच्या चौकटीशी उभी, आणि मामाजी नॉबवर. त्यांनी बुटाच्या खोक्याची फर्नेस केली होती, त्याच्याखाली रेघ. एक डबा म्हणजे लॅडल, तो त्या रेघेवर थांबला पाहिजे, कारण वरून लोखंडाची धार तिथेच पडणार. ते मला समजावून सांगत, जसं आपल्या हाताखालच्या माणसाला सांगावं, "ब्रेक पाहून गाडी थांबवते तो ड्रायव्हर नाई. वजन पाहून थांबवते तो." किंवा, "चढावर गाडी रडते, ते आयकू येते का तुले?" तख्तपोस सपाट होता, पण मी हो म्हणायची. पुढे पुढे मला ऐकू यायलाही लागलं. ते चहा अजूनही एकटेच घ्यायचे. पण गाडी चालवताना त्यांना लाज वाटत नव्हती, आणि माझ्यासमोर वाटत नव्हती, हे मला फार होतं.

उन्हाळ्यात हात वाढला. हात वाढला, असंच म्हणायचो आम्ही. गोळीचा डोस डॉक्टरांनी वाढवला, त्यानं महिनाभर बरं वाटलं आणि मग पहिल्यासारखं. गाडी पुन्हा लटपटायला लागली. डबे उतरले. मामाजींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला दुसरं काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी तिसऱ्या-चौथ्या खणात वीस घातला. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. पावसाळ्यात पस्तीस. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून पाचव्या खणातली वेगाची हद्दही खाली आणली. नॉब कितीही पुढे गेला तरी गाडी त्या हद्दीच्या वर जाणार नव्हती. दरवेळी मामाजी आंघोळीला गेलेले असताना, न्हाणीघरातल्या तांब्याच्या आवाजावर कान ठेवून. गोळ्यांचा डोस डॉक्टरांच्या हाती होता, हा डोस माझ्या हाती होता, आणि दोघांनाही वाढवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं.

एकदा यजमानांनी मला ते करताना पाहिलं. "काय करून राहिली?" म्हणाले.

"गाडीचं सेटिंग," मी म्हणाले. "मामाजींचा हात वाढला ना जी."

त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबांना सांगू नको." आणि ऑफिसला गेले. आमच्या अख्ख्या संसारात या विषयावर आम्ही एवढंच बोललो. म्हणजे ते बघत होते तर. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकाच वेळी.

थंडी सुरू होता होता आकडा साठवर गेला. साठ म्हणजे काय, तर नॉब फिरवायचा आणि गाडी सावकाश, फार सावकाश आपल्या मनानं वेग घेणार. उतरवायचा, तर तशीच सावकाश थांबणार. रेघ आता मामाजींना सापडत नव्हती. ते म्हणायचे, "वजन जास्त झालं वाटते." मी म्हणायची, "लॅडल भरला असन जी." ते मान हलवायचे. मला वाटायचं, पटलं.

डिसेंबरात जवळच्या उतई गावाहून मामाजींचे एक जुने सोबती आले. मामाजींच्या गाडीवर पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार ते सांधे बदलून ठरवणारा माणूस. छत्तीसगढी गृहस्थ, डोक्याला गमछा, सायकलवरून आलेले, पिशवीत शेतातली गवार. मामाजींनी उजवा हात शालीखाली धरून गप्पा मारल्या. मग स्वतःच म्हणाले, "चल, गाड़ी देखाथंव." मी चहा ठेवायला आत गेले होते, ती तशीच गॅस बंद करून दारात आले. मला भीती वाटत होती. पण गाडी सुटली ती लोण्यासारखी. एक फेरी, दुसरी फेरी, आणि तिसऱ्या फेरीला योगायोगानं म्हणा की देवानं म्हणा, लॅडल रेघेवर येऊन उभा राहिला, बरोब्बर.

सोबत्यांनी मांडीवर थाप मारली. "तोर हाथ तो अभो ओइसनेच हे गा!"

तुझा हात तर अजून तसाच आहे. मामाजींनी "हव" म्हटलं. बस, एवढंच. मी दारात उभी राहून डोळे पुसले. इतक्या दिवसांत मी ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता ते हेच तर वाक्य होतं, आणि ते एका माणसानं आपणहून म्हटलं होतं.

सोबती गेले. मी कप उचलायला व्हरांड्यात आले, तर मामाजी अजून खुर्चीतच होते.

"सूनबाई, बस इथं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला समोर बसायला सांगितलं नव्हतं. मी तख्तपोसाच्या कडेला टेकले. त्यांनी शाल काढून ठेवली, उजवा हात नॉबवर ठेवला, आणि डावा हात मांडीवर ठेवला. मनगट धरलं नाही. हात सुटला. पहिल्यांदाच मी तो पुरता सुटलेला पाहिला. नॉब हाताखाली मागेपुढे टकटक वाजत होता, कधी अर्ध्यावर, कधी पार खाली. गाडी फेरी मारत होती. संथ, सरळ, कुठे धक्का नाही, कुठे थांबणं नाही.

"पाय," ते म्हणाले.

मी पाहत होते.

"माहा हात इतला हालून राहिला. गाडी कावून नाई हालून राहिली?"

माझ्याकडे उत्तरं होती. लॅडल भरला असेल, डीकोडर गरम झाला असेल, दिवसभर दुसऱ्याच्या मीटरबद्दल मी असली उत्तरं देतच असते. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बोलून बसले. "मामाजी, मी आकडा वाढवला जी. हात वाढला तसा तसा."

"किती हाय आता?"

"साठ."

"अन् आला तवा?"

"एक."

गाडी आपली चालली होती, तिला काय. मग त्यांनी नॉबवरचा हात पूर्ण उचलला आणि मांडीवर ठेवला, तिथे तो धोतरावर थडथडत राहिला.

"मंग गाडी कोन चालवून राहिलं, सूनबाई?"

मला म्हणायचं होतं, तुम्हीच. मला म्हणायचं होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. यातलं एकही वाक्य त्या माणसाला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. चोरी करणाऱ्याला निदान काहीतरी मिळतं. मी त्यांच्या हातातून हँडल काढून घेतलं होतं आणि ते मी स्वतःही धरलं नव्हतं.

"त्यानं म्हनलं, हात तसाच हाय," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "अन् मी हव म्हनलं. जनमभर मी दुसऱ्याच्या हाताची तारीफ घेतली नाई. आज घेतली."

"मामाजी, त्यांना काय माहीत जी..."

"त्याले नाई. मले तर माहीत झालं." मग म्हणाले, "एक कर."

"पडन जी गाडी."

"पडू दे. एक कर. सगळं जसं आलं होतं तसं कर."

मी वही आणली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, एकेका खणातला आकडा जुन्या जागी नेला. साठ आकडे चढायला मला वर्ष लागलं होतं, उतरायला पाच मिनिटं लागली नाहीत. करताना माझ्या मनात आलं, पाच ठेवावा, निदान तीन. त्यांना कळलं नसतं. म्हणजे कळलंच असतं. मी एक घातला.

त्यांनी मनगट आवळलं नाही. हात तसाच, सुटलेला, नॉबवर ठेवला. गाडी दचकली, थांबली, उसळली, थांबली. वर्षाभरापूर्वी होती त्याहून कितीतरी वाईट. हात जे करत होता तेच गाडी करत होती, बरोबर त्याच क्षणी. पाव फेरीसुद्धा झाली नसेल, मागचे दोन डबे रुळावरून उतरले आणि लॅडल म्हणून ठेवलेला डबा कलंडून तख्तपोसाच्या काठापर्यंत घरंगळत गेला.

मी उठले. माझा हात डब्यावर पोचलाही होता.

"हात नको लावू," मामाजी म्हणाले. "हे मी पाडलं."

मी हात मागे घेतला. त्यांनी डबा उचलला. चिमुकली चाकं, बोटाच्या पेराएवढा रूळ, आणि तो हात. चाक रुळाला टेकायचं आणि निसटायचं. पुन्हा टेकायचं. मला माहीत होतं, एक बोट, माझं एक बोट त्या डब्याच्या मागे टेकवलं तर तो बसेल. समोर दुसरं काही बिघडलेलं नव्हतं, काही शोधायचं नव्हतं, काही आवळायचं नव्हतं. बाहेर दिवसपाळी सुटून सायकली घरी परतत होत्या, आणि डबा अजून बसला नव्हता. ते चिडले नाहीत, थांबलेही नाहीत. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. किती चांगले हात होते ते, एकदम स्थिर, एक बोट हलत नव्हतं, आणि त्यांचा त्या वेळी कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.